सह्यांचा गोल

"आधी तुम्ही करा," वर्तक म्हणाले आणि त्यांनी पेन माझ्याकडे सरकवलं.

"मी कशाला? तुम्ही सीनियर."

"गटात सीनियर-ज्युनियर नाही, साळोखे. साहेबांनी स्पष्ट सांगितलंय."

"मग तुम्हीच करा की. फरक काय पडतो?"

फरक काय पडतो हे आम्हा चौघांनाही पक्कं ठाऊक होतं. सरकारी कागदावर पहिली सही ज्याची, चौकशीत पहिलं नाव त्याचं. मागच्यांना 'मी आपली वरची सही बघून केली' असं म्हणायला जागा राहते. पेन टेबलावरून चौघांपुढे फिरलं आणि परत माझ्यासमोर येऊन थांबलं.

मी तेव्हा कोकणातल्या एका तालुक्याला बांधकाम खात्याचा उपअभियंता होतो. मूळचा कोल्हापूरकडचा, डोकं जरा गरम, आणि तीन वर्षांत कोकणची हवा पिऊनही ते थंड झालेलं नव्हतं. वर्तक गटविकास अधिकारी. इंदुलकर मॅडम नायब तहसीलदार. चौथे फौजदार तडवी, पोलीस ठाण्याचे. या चौघांचा मिळून एक 'तालुका समन्वय गट' होता, आणि तो आमच्या जिल्ह्याच्या साहेबांच्या डोक्यातून निघाला होता. साहेब तरुण, हुशार, कुठूनसं शिकून आलेले. एका खुर्चीत सगळी सत्ता बसली की कामं अडतात, म्हणून नेतृत्व वाटून घ्यायचं, असं त्यांचं म्हणणं. गटाला प्रमुख नाही, चौघंही प्रमुख, अध्यक्षपद पाळीपाळीने आणि निर्णय एकमताने.

त्यासाठी आम्हाला दोन दिवसांचं प्रशिक्षणही झालं होतं. पुण्याहून आलेल्या एका बाईंनी आम्हाला गोलात उभं केलं आणि लोकरीचा गुंडा एकमेकांकडे फेकायला लावला. एकाने धागा सोडला की सगळं जाळं सैल पडतं, हे त्यातून शिकायचं होतं. आम्ही काही धागा सोडला नाही. शेवटी असा गुंता झाला की शिपायाने कात्री आणून आम्हाला मोकळं केलं.

गटाची पहिली बैठक गेली खुर्च्यांवर. वर्तकांच्या खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल असायचा. सगळे समान तर टॉवेल एकालाच का, असं मॅडमनी विचारलं. त्यांचं चुकलं नव्हतं. वर्तक टॉवेल काढायला तयार नव्हते, म्हणून आणखी तीन टॉवेल आणायचं एकमताने ठरलं. गटाने वेळेत घेतलेला तो एकमेव निर्णय म्हणायला हरकत नाही.

तर त्या मंगळवारी त्या चार टॉवेलांना पाठ टेकून आम्ही एका कागदाकडे बघत होतो. वेळकोंडचा साकव बंद करण्याचा तो आदेश होता. वेळकोंड गाव एका खोल वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, अलीकडे, त्याची वरची वाडी पलीकडे, आणि मधे हा साकव, म्हणजे लोखंडी तुळयांवर फळ्या टाकलेला पादचारी पूल. खाली तीस फुटांवर कातळ. मी स्वतः खाली उतरून मधल्या तुळईला स्क्रूड्रायव्हर लावला होता, तर तो पापडात शिरावा तसा आत गेला. एरवी चार-दोन माणसं जपून गेली असती तर कदाचित निभावलंही असतं. पण शिमगा होता. शुक्रवारी ग्रामदेवतेची पालखी वरच्या वाडीत जायची होती, आणि साकवाच्या मधोमध थांबून पालखी नाचवायची तिथली रीत. तिथून दोन्हीकडच्या लोकांना देव दिसतो. म्हणजे दीड-दोनशे माणसं, ढोल-ताशे आणि त्यांच्या पायाखाली ती तुळई.

"आधीच सांगतो," तडवी म्हणाले, "देवाची वाट अडवायची तर बंदोबस्त लागणार. बंदोबस्ताला आदेश लागणार. आदेश द्या, मी हजर आहे."

"पण आदेश देणाऱ्यांत तुम्हीही आहात ना, तडवीसाहेब?" मॅडम म्हणाल्या. "आणि महसूलचा तसा यात संबंध काय? साकव झेडपीचा."

"तांत्रिक बाब आहे," वर्तक माझ्याकडे न बघता म्हणाले. "साळोखेंनी काय ते एक घाव दोन तुकडे करून टाकावं."

"मी अहवाल दिलाय. सात पानं. निर्णय गटाने घ्यायचाय."

"अहवालात 'बंद करणे उचित वाटते' असं लिहिलंय तुम्ही. 'वाटते' काय? बंद करा म्हणून लिहा की."

"तुम्ही म्हणा ना बंद करा!"

चाळीस मिनिटं हे असं चाललं. मग इंदुलकर मॅडमनी पाण्याचा स्टीलचा पेला उचलला, कागदाच्या खालच्या भागावर पालथा ठेवला आणि त्याच्या कडेने पेन्सिल फिरवली.

"या गोलावर सगळ्यांनी सह्या करायच्या," त्या म्हणाल्या. "वर कोण नाही, खाली कोण नाही. सुरुवात कुठून झाली ते कोणाला कळणार नाही."

आज सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी आम्हाला ती युक्ती थोर वाटली. तरी पेन पहिलं कोणी टेकवायचं हा प्रश्न होताच. मग चौघांनी चार पेनं घेतली, मॅडमनी "एक, दोन, तीन" म्हटलं, आणि वर्ग एक आणि दोनचे चार राजपत्रित-अराजपत्रित अधिकारी एका कागदावर डोकी लावून एकदम सह्या करू लागले. तडवींच्या टोपीचं टोक माझ्या कपाळाला लागलं. नंतर वर्तकांनी भजी मागवली.

बुधवारी सकाळी मी साकवावर गेलो. आदेश गावात पोचायला अजून दिवस लागणार होता आणि मला झोप लागलेली नव्हती. तिथे सोनू पाष्टे बसला होता. पाष्टे आमच्या खात्याचा मैलकुली, त्या भागातल्या रस्त्यांची देखभाल करणारा. वरच्या वाडीतलाच. निवृत्तीला अकरा महिने राहिलेले. अंगाने काटकुळा, बोलणं कमी.

"सायेब, बोर्ड कदी लावायचा?" त्याने विचारलं.

"आदेश निघालाय. येईल."

"कुणाचा आदेश?"

"गटाचा."

तो म्हणाला, "मागं चिंचघरचा रस्ता तुमी एकल्यानंच बंद केलात की. दरड दिसली, लगेच दगड लावून बंद. मीच लावले व्हते दगड."

ते खरं होतं. धोक्याची वाट बंद करायला उपअभियंत्याला कोणाला विचारावं लागत नाही. तेव्हा गट नव्हता आणि मी विचारलंही नव्हतं. पण त्या दिवशी त्याच रस्त्याने एका पुढाऱ्याची गाडी यायची होती, तिला बावीस किलोमीटरचा वळसा पडला, दरड काही कोसळली नाही, आणि मला 'अधिकाराचा अतिरेक' म्हणून नोटीस आली. माझी पगारवाढ दीड वर्ष अडकली. बायको म्हणाली, "तुम्हालाच काय एवढी घाई असते पुढे व्हायची?" तिचं ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं होतं. गट निघाला तेव्हा वरवर मी चिडलो, चारचौघांत त्याची टिंगलही केली, पण खरं सांगायचं तर आतून मला हायसं वाटलं होतं.

"आता पद्धत बदललीय पाष्टे," मी म्हणालो.

"आन परवा पालखी हाय."

"माहीत आहे."

"तुळई मी बघितलीय सायेब."

मी जीपकडे निघालो. चार पावलं गेलो आणि परत फिरलो. आजूबाजूला कोणी नव्हतं. "पाष्टे," मी हळू आवाजात म्हणालो, "तुम्ही इथलेच आहात. तुम्हीच जरा बघा काय ते. आणि माझं नाव कुठे यायला नको."

त्याने मान हलवली. हो म्हणाला की नाही, ते मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

गुरुवारी दुपारी आदेश परत आला. तो घेऊन वेळकोंडचे पोलीस पाटीलच आले होते, साठीला टेकलेले गृहस्थ. त्यांनी आमच्यासमोर तो कागद धरला आणि सह्या वाचण्यासाठी गोल गोल फिरवत राहिले.

"हुकूम कुणाचा ता कळत न्हाय," ते म्हणाले. "खाली हुद्दा न्हाय. मी गावात उभा ऱ्हाऊन सांगणार, देवाची वाट बंद. गाव इचारणार, कोण म्हणतो? मी कुणाचं नाव सांगू?"

"गटाचं सांगा," वर्तक म्हणाले.

"गट म्हंजे कोण माणूस?"

पाटील कागद टेबलावर ठेवून, नमस्कार करून निघून गेले. मी म्हणालो, पुन्हा टाईप करू, सरळ सह्या करू, आत्ता. वर्तक म्हणाले, त्यासाठी रीतसर बैठक हवी. बैठकीचं अध्यक्षपद त्या दिवशी तडवींच्या पाळीला आलेलं. तडवी शिमग्याच्या बंदोबस्ताला कुठल्याशा गावी गेलेले, फोन लागेना. अध्यक्षाशिवाय बैठक नाही आणि तिघांच्या मताला एकमत म्हणता येईना. मॅडमनी वही काढून पुढची तारीख टाकली, शनिवार.

"शनिवार? मॅडम, पालखी शुक्रवारी आहे!"

"मग मी एकटीने काय करू? तुम्ही ओरडताय कोणावर?"

मी कोणावर ओरडत होतो ते मलाही सांगता आलं नसतं. मी खुर्चीवरचा टॉवेल ओढून टेबलावर आपटला आणि बाहेर पडलो. त्याने काय झालं? टॉवेल आपटला गेला, एवढंच.

शुक्रवारी दुपारी चारला मी वेळकोंडला पोचलो. ढोल लांबूनच ऐकू येत होते. मी उतारावरून अक्षरशः पळत गेलो. पालखी साकवाच्या तोंडाशी उभी होती, पण पुढे जात नव्हती. साकवाच्या मधल्या भागातल्या दहा-बारा फळ्या नव्हत्या. काढून त्या पलीकडच्या काठावर व्यवस्थित रचून ठेवलेल्या. आणि अलीकडच्या तोंडाशी, दोनशे माणसांसमोर, सोनू पाष्टे हातात घण घेऊन उभा.

"कुणी सांगितलं तुला फळ्या काढायला?" एक मानकरी अंगावर धावून गेला. "देव अडवतोस?"

"देव माझ्याच दारात यायचा हाय," पाष्टे म्हणाला. "मी कशाला अडवीन? घरात नारळ, तांदूळ मांडून ठेवलेत बायकोनं."

"मग वाट का मोडलीस?"

पाष्टे उरलेल्या फळ्यांवरून तोल सांभाळत पुढे गेला, पार कडेपर्यंत. गर्दीतल्या बायका ओरडल्या. त्याने घण उचलून उघड्या पडलेल्या तुळईवर घातला. दुसऱ्या घावाला तुळईचा हातभर तुकडा सुटला आणि खाली कातळावर जाऊन पडला. त्या आवाजाने ढोल थांबले.

मग गावच्या गुरवाने पालखीसमोर गाऱ्हाणं घातलं. चुकलंमाकलं पदरात घे, जुन्या वाटेनं चल, लेकरांना संभाळ, असं काहीसं. सगळ्यांनी "व्हय महाराजा" म्हटलं. साकव व्हायच्या आधी पालखी वहाळात उतरून जायची, ती पायऱ्यांची जुनी पाखाडी अजून होती. कोयते आले, झुडपं तुटली. पुढे कोणी चालायचं, मशाल कोणाची, पालखीला खांदा कोणाचा, हे कोणालाच विचारावं लागत नव्हतं. ज्याचा मान तो आपणहून पुढे येत होता. तासाभरात देव वरच्या वाडीत पोचला. मी एका दगडावर बसून राहिलो होतो. मोठ्ठं काही टळलं याचा आनंद झाला, खोटं का बोलू. आणि आपलं नाव कुठे आलं नाही याचाही झाला.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण वेळकोंडच्या एका पुढाऱ्याने सोमवारी जिल्ह्याला तक्रार धाडली: शासकीय मालमत्तेची तोडफोड, धार्मिक भावना दुखावल्या, जबाबदार कोण? जिल्ह्याहून कागद आला, गटाने तातडीने खुलासा करावा.

त्या दिवशीची बैठक मला विसरता येत नाही, कारण ती अकरा मिनिटांत संपली. सोनू पाष्टेला कारणे दाखवा नोटीस द्यायची ठरली. विनापरवानगी फळ्या का काढल्या, आपणावर शिस्तभंगाची कारवाई का करू नये, वगैरे. तसा तो माझ्या खात्याचा माणूस, माझी एकट्याची सही पुरली असती. पण तिघंही म्हणाले, गटाचं काम आहे, आम्हीही करतो. वर्तकांनी सही केली, पेन मॅडमकडे दिलं, मॅडमनी तडवींकडे. एकाखाली एक, सरळ रेषेत. पेला कोणी मागितला नाही. सही करताना कोणी मान वर करून दुसऱ्याकडे बघत नव्हतं. मला वाटलं, यांना मान खाली घालायचं काय कारण? पाष्टेला सांगितलं होतं मी, टोचायचं तर मला. निवृत्तीला अकरा महिने राहिलेल्या माणसाची पेन्शन त्या कागदाला टांगलेली आहे, हे मला दिसत होतं. शेवटची सही माझी होती. मी केली.

पंधरा दिवसांनी साहेब स्वतः तालुक्याला आढाव्यासाठी आले. आढावा झाल्यावर त्यांनी पाष्टेला आत बोलावलं. तो धुतलेला गणवेश घालून आला होता, हातात कापडी पिशवी. आम्ही चौघं ओळीने बसलेलो. साहेबांसमोर तुळईचे फोटो होते.

"फळ्या तुम्ही काढल्या?"

"व्हय सायेब."

"स्वतःच्या मनाने? की कोणी सांगितलं होतं?"

पाष्टेने आमच्याकडे पाहिलं. एकेकाकडे, सावकाश. माझ्यावर नजर आली तेव्हा मी समोरच्या फाईलच्या नाडीची गाठ सोडवायला लागलो.

"सांगितलं व्हतं."

"कोणी?"

"चौघांनी."

मला वाटलं, हा माणूस आम्हा सगळ्यांना सांभाळून घेतोय. सर्वांत आधी वर्तक सावरले.

"हो सर," ते म्हणाले, "निर्णय गटाचाच होता. नोटीस ही केवळ... कार्यालयीन पूर्ततेसाठी."

"पोलीस खात्याचा पाठिंबा होताच, सर," तडवी म्हणाले. मॅडमनीही मान डोलावली. आणि मीही.

साहेबांचा चेहरा खुलला. "हेच तर मला हवं होतं! कोणा एकाचं श्रेय नाही, सगळ्यांनी मिळून पुढाकार घेतला." नोटीस रद्द झाली. इतर तालुक्यांना या गटाचं उदाहरण द्यायला हवं, प्रशस्तिपत्रक काढू, असं म्हणून साहेब जेवायला गेले.

पाष्टे बाहेर फणसाखाली एस.टी.ची वाट बघत उभा होता, तिथे मी त्याला गाठलं. "पाष्टे," मी म्हणालो, "आमच्यासाठी खोटं कशाला बोललात तुम्ही? मी एकट्याने सांगितलं होतं."

"खोटं कुठं सायेब?" त्याला खरंच नवल वाटलेलं दिसलं. "बीडीओ सायबांनी सोमवारीच जीप थांबवून सांगितलं. मॅडमचा मंगळवारी सांजचा फोन आला शेजाऱ्याकडं. बुधवारी तुमी. गुरुवारी फौजदार आले व्हते, फटफटीवरनं, एकलेच. चौघांनीबी एकच सांगितलं. पाष्टे, जरा बघ काय ते, आन माझं नाव घेऊ नको." तो थांबला. "न्हाय घेतलं मी कुणाचं नाव."

गुरुवारी तडवींचा फोन का लागत नव्हता ते मला आत्ता कळलं. माझा चेहरा कसा झाला होता कोण जाणे. चिडायचं तर कोणावर, तेही कळेना. म्हणून मी त्याच्यावरच चिडलो.

"अहो, मग नोटीस आली तेव्हा तरी बोलायचं होतंत! चौघांपैकी कोणाकडे तरी यायचं, सांगायचं!"

"कुणाकडं येऊ सायेब?" पाष्टे म्हणाला. "नोटिशीवर चौघांच्याबी सह्या व्हत्या."

पावणेचारची एस.टी. आली. तो चढला, खिडकीशी बसला आणि गाडी हलताना त्याने मला हात जोडून नमस्कार केला.